शंभर ग्रेनचा मामा

ताई माझ्याशी बोलत नाहीये, आज पाचवा दिवस, आणि त्याला कारण काय तर एक फोन, तोही मी केलेला नाही, मला आलेला.

पुष्य नक्षत्र होतं, दिवाळीच्या आधीचं, सोनं घ्यायचा मुहूर्त. ग्वाल्हेरला लश्करच्या सराफ्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. बायकोची जुनी अंगठी मोडून कानातलं घ्यायचं एवढंच काम, त्यासाठी मी तासभर गादीच्या कडेला अर्ध्या बुडावर बसून होतो. शेवटी नंबर आला, सोनाराने अंगठी काट्यावर ठेवली आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. व्हिडिओ कॉल, अमेरिकेतल्या कोलोराडोहून, भाचा, ताईचा मुलगा. त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले म्हणजे काहीतरी भानगड असणार म्हणून उचलला, आणि मला जरा कमी ऐकू येतं म्हणून माझा स्पीकर कायम चालूच असतो.

"मामा, हरणासाठी गोळी ऐंशीची घेऊ की शंभरची?"

दुकान गप्प. पुष्य नक्षत्राला सराफ्यातलं दुकान गप्प होणं म्हणजे काय हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल.

आता हे आमचं बंड्या, लहानपणी पाल दिसली तरी पलंगावर चढायचं. ऑफिसातल्या मित्रांच्या नादी लागून तिकडे शिकारीला निघालंय, रीतसर, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून, लायसन्स काढून. आईला सांगितलंय कॅम्पिंगला जातो. आणि मला का विचारतोय तर मी कॉलेजात एनसीसीत होतो. पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या मारल्या होत्या आयुष्यात, त्यातल्या दोन शेजारच्याच्या टार्गेटवर. पण घराण्यात एवढीच गोळी सुटलेली, त्यामुळे मी एक्स्पर्ट.

मी हळूच म्हटलं, "अरे नंतर बोलू," पण तोवर उशीर झाला होता. माझ्या उजव्या हाताला एक तात्या बसले होते. काळी टोपी, हातात रुमालात बांधलेली नथ, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी माझ्या मनगटाला धरून फोन स्वतःकडे वळवला आणि विचारलं,

"कुठलं हरीण?"

"म्यूल डियर, आजोबा."

"म्यूल म्हणजे खेचर ना हो?" हे मला.

"कान खेचरासारखे मोठे असतात म्हणून," तिकडून बंड्या.

"रायफल कुठली?"

"टू फॉर्टी थ्री विंचेस्टर."

"कधीची?"

"हे काडतूस १९५५ मध्ये आलं, आजोबा."

"हं. म्हणजे माझ्यापेक्षा लहान," असं म्हणून तात्यांनी मांडी बदलली आणि मला कळलं की माझा नंबर गेला. तात्यांचे आजोबा म्हणे शिंदे सरकारच्या शिकारखान्यात होते, शिवपुरीच्या जंगलात हाक्याला, म्हणजे जनावर हाकून आणायला, जायचे. असतीलही. ग्वाल्हेरात मला आजवर असा एकही मराठी माणूस भेटलेला नाही ज्याचे आजोबा शिंदे सरकारकडे कशावर तरी नव्हते, आमचे स्वतःचे अस्तबलाच्या हिशेबावर होते असं वडील सांगायचे, आणि वडिलांना स्वतःला हिशेब येत नव्हता. असो.

"ऐंशी काय आणि शंभर काय? ग्रॅम?"

"ग्रेन."

"ग्रेन म्हणजे किती?" सोनाराला राहवलं नाही, माझी अंगठी काट्यावरून उचलून त्याने बाजूला ठेवली आणि कॅल्क्युलेटर ओढला. पण तात्या तोंडीच सुरू झाले. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा केला. तोळ्याचे मासे बारा, म्हणजे माशाला पंधरा ग्रेन. माशाच्या गुंजा आठ. "तुमची शंभरची गोळी म्हणजे सहा मासे सव्वापाच गुंजा. ऐंशीची पाच मासे, पावणेतीन गुंजा." सोनाराने कॅल्क्युलेटर मारून बघितलं, मग तात्यांकडे बघितलं आणि चहा मागवला. तात्यांना. मी तासभर बसलो होतो, मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

(खरं सांगायचं तर मलाही मजा वाटली. साहेबाचा ग्रेन जवाच्या दाण्याचा, आपली गुंज झाडाच्या बीची, सोनं तोला नाहीतर गोळी, शेवटी सगळे दाणेच मोजतायत.)

बंड्या तिकडे रंगात आला. सांगायला लागला की या बोरला, म्हणजे नळीच्या या मापाला, पंचावन्न-अठ्ठावन्न ग्रेनच्या पण गोळ्या मिळतात, फार जोरात जातात, पण त्या कोल्ह्या-बिल्ह्यासाठी, हरणाच्या खांद्याच्या हाडावर लागल्या तर वरच्यावर फुटतात, आत पोचतच नाहीत. शंभरची जरा सावकाश, म्हणजे सेकंदाला नऊशे मीटर, याला हे सावकाश म्हणतात, पण खोल जाते. लहान बोरमध्ये चुकायला जागा कमी, म्हणून वजन बघावं लागतं. आणि कोलोराडोचा कायदाच आहे की हरणाला सत्तर ग्रेनच्या खाली गोळी चालणार नाही.

"मग शंभर घे, विषय संपला," तात्या.

"पण ऐंशीवाली तांब्याची आहे आजोबा, सगळी तांब्याची. शिसं नाही. ती फुटत नाही, पाकळ्यांसारखी उघडते आणि वजन टिकवून आत जाते, त्यामुळे हलकी असून चालते."

तांबं म्हटल्यावर सोनार जागा झाला. "देखो, तांबा डालना ही पड़ता है," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, जसं काही मी विरोध केला होता. नुसतं सोनं मऊ, टिकत नाही, बावीस कॅरेटमध्ये म्हणूनच मिलावट करतो आम्ही. तात्या म्हणाले दागिन्यातलं तांबं वेगळं आणि गोळीतलं वेगळं, तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाला गोळी लांब होणार, लांब गोळीला बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ जास्त लागतो. हे त्यांना कुठून माहीत देव जाणे, पण बंड्या तिकडून "करेक्ट, करेक्ट" करत होता. माझ्या कुठल्याही वाक्याला या मुलाने आजवर करेक्ट म्हटलेलं नाही.

एवढ्यात दारातला गार्ड दुनाळी खांद्याला लावून आत आला. चंबळकडच्या भिंडचा माणूस. मला वाटलं आता हाकलतो. तर तो म्हणाला, "बाबूजी, छोटी बोर हो तो भारी गोली लो। जानवर घायल होकर भागे, तो पाप लगता है।" आणि परत दाराशी जाऊन उभा राहिला. पूर्ण दुकानात शहाणा माणूस एकच, आणि तो दाराबाहेर उभा.

मी म्हटलं बंड्या, ऐकलंस ना, शंभर घे.

"नाही मामा, मी ऐंशीची ऑर्डर केलीय ऑलरेडी. सहज विचारलं."

सहज! म्हणजे बघा, हा मुलगा तीन-तीन आठवडे आईला फोन करत नाही, केला तर "हां, हूं, मीटिंग आहे". आणि गोळीबद्दल अर्धा तास, ती मागवून झाल्यावर. तिकडे दुर्बिणीवर किती डॉलर घातलेत ते मी विचारलं नाही, कारण इथे ताईच्या घराचा गिझर दोन वर्षं बंद आहे आणि ती अंघोळीचं पाणी अजून गॅसवर तापवते.

फोन ठेवला. नंबर अर्थातच गेला होता, परत पाऊण तास. मग अंगठी भरली चार ग्रॅम दोनशे मिलिग्रॅम. त्यातनं खड्याचे, टाक्याचे, मळाचे आणि आणखी कसले कसले वजा करून सोनार म्हणाला तीन नऊशे. तीनशे मिली कुठे गेले याचं उत्तर कुठलाच सोनार देत नाही, तिथे तात्यांचं गणितही चालत नाही, मी आशेने बघितलं होतं त्यांच्याकडे, पण ते नथ घेऊन निघून गेले होते. तीन नऊशे म्हणजे चार मासे, म्हणजे साठ ग्रेन. कोलोराडोत हरणालासुद्धा चालली नसती. हे मी घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. लग्नातली अंगठी होती.

आणि तात्यांची सून निघाली ताईच्या भजनी मंडळातली. संध्याकाळपर्यंत सगळं पोचलं, गुंजांसकट. मला वाटलं ताई रडेल, म्हणेल जीवहत्या, चातुर्मास, आपल्या घरात हे. मी तयारीत होतो, तिकडे कायद्याने चालतं वगैरे सगळं पाठ करून ठेवलं होतं. तर तिने फोन माझ्या बायकोला केला, आणि मला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"त्याला विचार, पोरगं एकटं जंगलात जाणार आणि याने त्याला ऐंशीची घेऊ दिली? शंभरची का नाही म्हणाला ठामपणे?"