दहाचा कांदा चाळीसला, पण कोणता कांदा आणि कधीचा?

"शेतकऱ्याला किलोला दहा, ग्राहकाला चाळीस. मधले तीस दलाल खातो. दलाल हटवा, निर्यात बंद करा, दोघेही सुखी." हा मजकूर सध्या नाशकात ज्याच्या त्याच्या फोनवर फिरतोय. तो पाठवणाऱ्यांना शेतकऱ्याची कळकळ आहे, म्हणूनच उत्तर देतोय.

मी नाशकातल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. 'दाब ६ ठेवा' एवढंच लिहिलं, तर पान परत येतं: ६ काय? बार की पीएसआय? आकड्यासोबत एकक आणि परिस्थिती नसेल, तर त्या आकड्यावर यंत्र चालवता येत नाही. मग धोरण कसं चालवायचं?

आधी ते 'दहा' बघू. लासलगावच्या कांदा बाजार समितीत लिलाव क्विंटलवर होतो आणि किमान, कमाल, सरासरी असे तीन भाव निघतात. किमान भाव बहुतेकदा गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, किंवा भिजलेल्या मालाचा असतो. नाशिकरोडला चाळीसने मिळतो तो निवडलेला, सुकलेला कांदा. दोन वेगळ्या मालांची वजाबाकी करून 'तीस' काढलेत.

त्यातही 'दहा' हा भाव एप्रिलचा आणि 'चाळीस' हा सप्टेंबरचा असला, तर मध्ये चाळ येते, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. निफाड तालुक्यात माझ्या मामांची चाळ आहे. भाद्रपदात ती फोडली की आधी वास येतो. मग मामी खाली बसून एकेक कांदा दाबून बघतात: काजळी (काळी बुरशी) लागलेला इकडे, कोंब आलेला तिकडे, मऊ पडलेला थेट उकिरड्यावर. चांगले राहतात तेही सुकून वजनाने घटतात. शंभर किलोचे सत्तर निघाले, तर एप्रिलच्या समजा १२ रुपयांची बरोबरी साधायलाच सप्टेंबरात १७ च्या वर भाव लागतो. हे पाच रुपये कुणीच खाल्ले नाहीत, ते सडले.

उरलेल्या फरकात प्रतवारी, गोणी, हमाली, गाडीभाडं, वाटेतली नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याचं पोट आहे. अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, तर २०१६ पासून नियमाने खरेदीदाराने द्यायची आहे. व्यापारी संत आहेत असं मी म्हणत नाही. लिलावात बोली लावणारे मोजके असले की भाव पडतो, हा खरा आजार आहे. पण त्याला औषध खरेदीदार वाढवणं हे आहे. व्यापारी हटवले, तर बोली लावणारे आणखी मोजके होतील.

आणि निर्यातबंदी? ती ८ डिसेंबर २०२३ ला लागू झाली, ऐन लाल कांद्याच्या, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या कांद्याच्या हंगामात. लाल कांदा चाळीत टिकत नाही. भाव पडला म्हणून तो थांबवून ठेवता येत नाही, मिळेल त्या दराला काढावाच लागतो. ३१ मार्चला संपणारी बंदी पुढे वाढवली आणि ४ मे २०२४ ला उठवली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत (त्याहून स्वस्त बाहेर विकायचा नाही) आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर मामांचा लाल कांदा विकून सव्वा वर्ष झालं होतं.