बिल बाकी म्हणून गेट पास अडवता येतो का?

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. वर ‘एका वकिलाचा सल्ला’ असं लिहिलेलं, वकिलाचं नाव अर्थातच नाही. त्याचं सार असं: केंद्राचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे खासगी हॉस्पिटलात रुग्णाला हक्क नसतात. बिल फिटेपर्यंत पेशंटच काय, बॉडीसुद्धा थांबवता येते. संमतीपत्रावर सही केली की विषय संपला. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायची. केसपेपर हॉस्पिटलच्या मालकीचे. तेव्हा वाद न घालता पैसे भरा. मला हा मेसेज तिघांनी पाठवला आणि त्यातले एक निवृत्त तहसीलदार आहेत, म्हणून लिहायला बसलो.

2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही, हे खरं. अख्ख्या मेसेजमधलं तेवढंच वाक्य धड आहे. पण आपल्याकडे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि जानेवारी 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले गेले. त्यानुसार नर्सिंग होमने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. पुढच्या खेपेला गेलात की शोधा. कुंडीआड का होईना, सापडली तर सापडेल.

आता बिल. माझ्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितला, फाईल बिलिंगला गेली आणि विम्याची मंजुरी अठरा हजारांनी कमी आली. संध्याकाळचे पाच वाजले तरी मावशी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन कॉटच्या कडेला बसलेली. हातातली सलाईनची सुईसुद्धा कोणी काढली नव्हती. दुपारी तिला ताट मिळालं नाही, कारण किचनच्या यादीत तिच्या नावापुढे ‘डिस्चार्ज’ लिहिलं होतं. आणि खाली वॉचमन सोडेना, कारण गेट पास नव्हता. एका रजिस्टरला ती घरी गेलेली, दुसऱ्याला अडकलेली! शेवटी मी कागदावर लिहून दिलं: बाकी रक्कम मान्य आहे, पंधरा दिवसांत भरतो, पेशंटला थांबवायचं असेल तर कारण लेखी द्या. ते लेखी द्यायला काउंटरवरचं कोणी तयार होईना. पाऊण तासात पास आला.

तो आला यात माझी हुशारी काही नाही. बिल हे देणं आहे आणि देणं वसूल करायला दिवाणी दावा असतो. माणूस तारण ठेवून घेता येत नाही. बिलासाठी पेशंटला डांबून ठेवणं बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच म्हटलंय. बॉडीबद्दल तर 2021 च्या नियमांतच आहे: पैसे बाकी आहेत म्हणून पार्थिव अडवायचं नाही. बिल माफ होतं असं मात्र यात कुठेही नाही. ते द्यावंच लागतं.

सहीचं म्हणाल तर 2008 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. दुर्बिणीतून तपासणी करायला एका महिलेने संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईला विचारून गर्भाशयच काढलं गेलं. न्यायालय म्हणालं, एका गोष्टीची संमती दुसरीला चालत नाही. जीव वाचवायला लगेच करावंच लागलं तर गोष्ट वेगळी. भरपाई किती, तर 25 हजार. रक्कम वाचून हसावं की रडावं कळत नाही, पण तत्त्व पक्कं झालं.

औषधांच्या बाबतीत मेसेजवाल्याने अर्धीच बातमी उचललीय. हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती नको, असा देशभरासाठी एकच आदेश द्यायला मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, पण धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं. त्याच वर्षी आपल्या अन्न व औषध प्रशासनाने हॉस्पिटलमधल्या मेडिकलना पाटी लावायला सांगितलं की इथूनच औषध घेणं बंधनकारक नाही.

धर्मादाय हॉस्पिटलं तर मेसेजने गाळलीच आहेत. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार तिथे 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. तातडीच्या पेशंटकडे डिपॉझिट मागायचं नसतं.

‘वाद घालू नका’ हा सल्ला मात्र मला निम्मा पटतो. वॉर्डात आरडाओरडा करणाऱ्या, डॉक्टरांच्या अंगावर जाणाऱ्या नातेवाइकांसाठी 2010 चा राज्याचा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. शिवाय जिला तुम्ही ओरडता ती नाइट ड्यूटीची नर्स. बिल तिने बनवलेलं नसतं.

राहिले केसपेपर. मूळ फाईल हॉस्पिटल ठेवतं, हे बरोबर. पण प्रत मागितली की 72 तासांत द्यायची, आणि रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं, हे डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे. त्याही आधी, 1996 मध्ये, प्रत नाकारता येत नाही असं उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. फक्त तोंडी मागू नका. ‘उद्या या’ला तारीख नसते. साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज करा, पेशंटचं नाव आणि आयपीडी नंबर (भरती करताना मिळालेला) घाला, एक प्रत काउंटरला द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळही घ्या. 72 तास त्या वेळेपासून मोजायचे.