एक साधी बॅटरी धड बनवता येत नाही यांना

डोकं फिरलंय माझं. काल रात्री साडेनऊला लाईट गेली, गिरगावातली आमची जुनी चाळ, लाकडी जिना, वळणावरची एक पायरी खचलेली, आणि आई दूध घेऊन वर येत होती. अडुसष्ट वर्षांची बाई, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी परवाच लोहार चाळीच्या बाजारातून आणलेली बोटाएवढी एलईडी टॉर्च घेऊन धावलो, बटण दाबलं तर झगझग झगझग झगझग!! स्ट्रोब, भराभर उघडझाप होणारा उजेड! आई कठड्याला घट्ट धरून तिथेच उभी, "अरे बंद कर ते, पायऱ्या हलतायत माझ्या!"

दोन मिनिटं आधी घरात चेक केली होती मी, तेव्हा नीट मंद लागली होती. पण ही बॅटरी बंद करून परत लावली की पुढच्या मोडवर जाते. फुल, मंद, झगझग, मग एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचा इशारा. म्हणजे अंधारात बटण दाबताना काय लागणार ते आठवत बसायचं! कुणी मागितला होता हा स्ट्रोब? मुंबईत चाळीच्या जिन्यावर एसओएस कुणाला पाठवायचाय? फुल, मंद, बंद, बस ना, एवढंच द्या.

आणि खोक्यावर काय छापलंय तर २००० लुमेन, म्हणजे उजेडाचं माप. अरे जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सातशे-आठशे लुमेन द्यायचा आणि अख्खी खोली उजळायची, आणि तुम्ही रिमोटमधल्या तीन बारीक सेलवर २००० काढणार? चांगल्या एलईडीलासुद्धा एवढ्या उजेडाला पंधरा-वीस वॅट लागतात, ते ह्या सेलमधून येणारच नाहीत. अमेरिकेत २००९ पासून एफएल-१ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांनी उजेड मोजतात, आणि तो दहा टक्क्यांवर येईपर्यंत किती वेळ गेला तो रनटाइम. इथे कोण मोजतंय, मनाला येईल तो आकडा छापायचा.

मी उघडून बघितली. सेलचं प्लॅस्टिकचं पिंजऱ्यासारखं होल्डर, त्याची एक पट्टी आत्ताच वाकलीये, जरा हलली की उजेड लपलपतो. करंट सांभाळणारं सर्किट वगैरे काही नाही, साडेचार व्होल्ट जवळजवळ थेट एलईडीवर, त्यामुळे नव्या सेलवर पहिली काही मिनिटं डोळे दिपतात आणि मग सेल उतरत जातात तसा उजेड पण उतरत जातो. दुकानात मात्र नवे सेल घालून भिंतीवर मारून दाखवतात, आपल्याला वाटतं वा.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती, तेव्हा भर दिवसा आमच्या जिन्यात हाताने भिंत चाचपत उतरलोय आम्ही. तेव्हापासून घरात बॅटरी हवी म्हणजे हवीच, ही तिसरी. मोबाईलचा टॉर्च आहे ना म्हणणाऱ्यांनी एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कठडा धरून मोबाईल कुठे धरायचा ते सांगावं.

आज सकाळी बघतो तर आईने दाराशी कोनाड्यात मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवलीये. म्हणे "तुझी ती बॅटरी मला नको." लाकडी चाळीत मेणबत्ती!! शंभर वर्षांचं सागवान आहे ते, आणि मी तिला काय सांगू, हीच बॅटरी वापर म्हणून?