चांदीवरचा लॅकर आणि बंद न्हाणीघरातला पेंट रिमूव्हर

सोलापूरच्या आमच्या आत्याने गेल्या आठवड्यात मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारले, "हे करू का रे?" लग्नात मिळालेल्या तिच्या चांदीच्या गुलाबदाणीवर दुकानातूनच पारदर्शक लॅकर, म्हणजे चांदी काळी पडू नये म्हणून दिलेला वार्निशसारखा थर, मारलेला होता, तो आता पिवळा पडून फुटला आहे आणि भेगांतून काळे डाग कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरले आहेत. फॉरवर्ड म्हणतो की असा थर अर्ध्या तासात विनाअपाय निघतो: पेंट रिमूव्हर लावून वस्तू न्हाणीघरात दार-खिडकी बंद करून ठेवावी, उरलेला थर गॅसच्या ज्योतीवर जाळावा, मग अ‍ॅल्युमिनियम फॉइल व सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून टूथपेस्टने घासावी, आणि तरीही काही राहिलेच तर नेलपॉलिश रिमूव्हर वापरावा.

दार-खिडकी बंद करण्याचा सल्ला वाचून माझा संयम सुटला. अनेक पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन हे रंग मऊ करणारे द्रावक असते आणि ते सुमारे 40 अंशांना उकळते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान त्याच्याही वर जाते, तेव्हा पत्र्याच्या छपराखालच्या न्हाणीघरात त्या द्रवाचे काय होईल, हे निराळे सांगायला नको. ती वाफ श्वासावाटे गेली की शरीरातच तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यावर जो वायू जीव घेतो, तोच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2019 मध्ये असे पेंट रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली आणि 2024 मध्ये डायक्लोरोमिथेनचे बहुतेक औद्योगिक वापरही बंद करण्याचा नियम केला. तिकडे कारागिरांच्याही हातून काढून घेतलेली वस्तू इकडे आत्याने न्हाणीघरात कोंडून घेऊन वापरायची!

ज्योतीबद्दल फार लिहीत नाही. जुना लॅकर बहुधा नायट्रोसेल्युलोज या ज्वालाग्राही पदार्थाचा असतो. तो भडकन पेटतो, विषारी वायू सोडतो आणि कथलाने केलेले डागकामही सुटू शकते.

फॉइल-सोड्याचे रसायनशास्त्र खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: उघड्या चांदीवर गंधकामुळे चढलेला काळा सल्फाइड त्याने निघतो. मात्र लॅकरखाली ते पाणी पोहोचतच नाही, केवळ भेगा उजळतात आणि वस्तू चट्टेरी दिसू लागते. टूथपेस्ट मऊ चांदीवर ओरखडे पाडते, इतके पुरे.

राहिला नेलपॉलिश रिमूव्हर, आणि गंमत अशी की फॉरवर्डने शेवटी ढकललेला हाच उपाय सत्याच्या सर्वांत जवळ आहे. अनेक नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन हे द्रावक असते आणि नायट्रोसेल्युलोज त्यात विरघळतो. मात्र बाटलीत रंग, तेल आणि सुगंध मिसळलेला नको, साधा अ‍ॅसिटोन हवा. वस्तू त्यात बुडवून ठेवण्याचीही गरज नाही. कापसाचा ओला बोळा थरावर ठेवून वर पॉलिथिन झाकले, तर द्रव उडून न जाता थर मऊ होतो आणि थोडक्यात काम भागते. अ‍ॅसिटोन अतिशय ज्वालाग्राही असल्याने हे काम सकाळच्या गारव्यात, गच्चीवर, समई-उदबत्तीपासून दूर करावे. वापरलेले बोळे उघड्यावर पूर्ण सुकू द्यावेत आणि उरलेला द्रव मोरीत ओतू नये. मोती, खडे किंवा रंगकाम असेल तर हात लावू नये. थर विरघळलाच नाही, तर तो भट्टीत पक्का केलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी खरवडत न बसता वस्तू जाणकार सराफाला दाखवावी.

आत्याला हेच कळवले आहे. पूजेच्या तबकाला यातले काहीच करायचे नाही, कारण त्यावर लॅकर नाहीच.