बाहुली मोठी करणारे थेंब: व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला उत्तर

डोळे तपासायला गेलात तर बाहुली मोठी करणारे थेंब घालू देऊ नका, असा एक निरोप सध्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातली कारणं अशी: थेंब विषारी असतात, त्यांनी काचबिंदू होतो, बीपी चढतं, बाहुली कायमची मोठी राहते, मशीन आल्यामुळे आता त्यांची गरजच नाही, आणि लहान मुलांना तर ते मुळीच नकोत. मी डोळ्यांच्या दवाखान्यात रोज हेच थेंब घालते. हा निरोप दाखवून डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी न करताच उठून गेलेल्यांमध्ये जुना मधुमेह असलेल्या एक आजी होत्या. मला राहवत नाही ते त्यामुळे.

विषारी असण्याचं आधी बघू. या गटातलं सगळ्यात जुनं औषध म्हणजे ॲट्रोपिन. ते बेलाडोना नावाच्या झाडातून मिळालं आणि आपल्या बांधावरचा धोतरा त्याच कुळातला. धोतरा उपटून तोच हात डोळ्याला लागला की एक बाहुली टपोरी होते आणि माणूस घाबरून दवाखाना गाठतो. तेव्हा हे पाणी नाही, औषध आहे, हे मान्यच. पण मोठ्यांच्या रोजच्या तपासणीत ॲट्रोपिन वापरतच नाहीत. वापरतात ते ट्रोपिकामाइड, बऱ्याचदा फेनिलेफ्रिनसोबत. त्याचा परिणाम वीस-तीस मिनिटांत दिसतो आणि साधारण चार ते सहा तासांत ओसरतो, काहींना दुसऱ्या दिवसापर्यंत थोडं धूसर दिसतं. आपल्यासारख्या काळ्या-तपकिरी डोळ्यांवर औषध जरा सावकाश चढतं, म्हणून थेंब दोन-तीनदा घालावे लागतात. जास्त औषध घातलं असं समजू नका. होमॅट्रोपिन हे याच गटातलं दुसरं औषध घातलं असेल तर ओसरायला एक ते तीन दिवस लागतात. कायमची मोठी बाहुली यातल्या कशानेच राहत नाही.

काचबिंदूच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते लपवून उपयोग नाही. काही डोळ्यांत पाणी बाहेर जाण्याचा कोपरा जन्मतःच अरुंद असतो. बाहुली मोठी झाल्यावर तो बंद पडून डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. हे किती वेळा घडतं? अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये चाळिशीपुढच्या ४,८७० जणांच्या बाहुल्या थेंब घालून मोठ्या केल्या होत्या, त्यांतल्या एकालाही असा झटका आला नाही. आशियातल्या लोकांमध्ये अरुंद कोपरा जास्त आढळतो, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावून निर्धास्त होऊ नये. त्यासाठीच थेंबांआधी डॉक्टर बाजूने टॉर्च मारून किंवा स्लिट लॅम्पवर (हनुवटी टेकवून डोळा मोठा करून बघायचं यंत्र) कोपऱ्याचा अंदाज घेतात. तो घेतलेला नसेल तर तुम्ही विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. ज्यांना उघड्या कोपऱ्याचा नेहमीचा काचबिंदू आहे, त्यांच्या बाहुल्या तर तपासणीसाठी वेळोवेळी मोठ्या करतातच. आणि थेंब घातल्यावर काही तासांनी डोळा ठणकायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, मळमळ किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा. वेळेत उपचार झाले तर नजर वाचते.

बीपीचं कारण फेनिलेफ्रिन. दहा टक्क्यांच्या थेंबांनी रक्तदाब चढल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडच्या मिश्र थेंबांत ते सहसा पाच टक्के असतं. हृदयविकार किंवा अनावर बीपी असेल तर नुसतं ट्रोपिकामाइड घालता येतं, पण त्यासाठी आम्हाला ते कळायला हवं. बाकावर बसलेल्याला मी विचारते: बीपी, हार्ट, आधीच्या थेंबांची ॲलर्जी, काचबिंदू, गरोदरपण? पुष्कळदा मान नाहीची हलते आणि पिशवीतून बीपीच्या गोळ्यांची पट्टी डोकावत असते. गोळ्या चालू आहेत म्हणजे बीपी आहे, आणि तेच सांगायचं असतं. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. औषध नाकावाटे रक्तात कमी उतरतं.

मशीनचं म्हणाल, तर थेंबांशिवाय फोटो काढणारे कॅमेरे खरंच चांगले आहेत आणि मधुमेहींच्या पहिल्या चाळणीसाठी उपयोगी पडतात. पण नेहमीचा कॅमेरा पडद्याचा मधला भाग टिपतो. वय झालेल्या मधुमेहींची बाहुली बारीक असते, त्यात मोतीबिंदू असला की फोटो काळपट येतो. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा वीज चमकल्यासारखं झालं, तर पडदा कडेला फाटला आहे का हे बघावं लागतं. दाराच्या फटीतून खोलीचा कोपरा दिसत नाही, तशी ती कड बारीक बाहुलीतून दिसत नाही. त्या आजींना सगळं स्वच्छ दिसत होतं, म्हणूनच त्या उठल्या. मधुमेहाने पडदा खराब होताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

थेंब घातल्यावर स्कूटर चालवू नका, सोबत कुणाला तरी आणा, गॉगल आणा, त्या दिवशी बारीक अक्षरांच्या कागदांवर सह्या करू नका.

आता मुलं. मुलांच्या डोळ्यांतला स्नायू इतका ताकदवान असतो की तो खरा नंबर दडवतो, आणि थेंबांनी तो सैल केला नाही तर चुकीचा चष्मा लागू शकतो. लहानग्यांसाठी कधीकधी ॲट्रोपिनचं मलम घरी लावायला देतात. त्याचा परिणाम आठवडा-दोन आठवडे टिकतो, तेवढे दिवस जवळचं धूसर दिसणार, हे शाळेत कळवा. अंगात ताप, लालबुंद चेहरा, कोरडं तोंड किंवा भ्रम दिसला तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. आणि ट्यूब किंवा बाटली उंच कपाटात ठेवा. एक टक्क्याच्या ॲट्रोपिनच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं, मोठ्या माणसाला इंजेक्शनातून देतात तेवढं. पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. निरोप लिहिणाऱ्याला खरी भीती घालायची होती तर ही बाटली पुरेशी होती.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायला हवा, फार लहान बाळांचा त्याहूनही आधी, दोन-तीन आठवड्यांत. त्यांच्यासाठी थेंब निम्मे पातळ करतात, गालावर ओघळलेला थेंब लगेच टिपतात, बाळाच्या श्वासाकडे लक्ष ठेवतात. अशा बाळांचा पडदा जागेवरून सुटू शकतो; तो सुटायच्या आत लेसर झालं तर बहुतेक बाळांची नजर वाचवता येते. सुटल्यावर फारसं काही हातात राहत नाही. एवढ्याशा डोळ्यांत औषध कसं घालू द्यायचं म्हणून कुणी आई बाळाला घेऊन परत निघाली असेल, तर तिला आजच्या आज पुन्हा दवाखान्यात पाठवा.