शून्य फॉस्फेट आणि तरीही हिरवे दगड

खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी नव्याने लावणाऱ्याला एक सल्ला पहिल्या महिन्यातच ऐकायला मिळतो : ‘शेवाळ म्हणजे पाण्यात साठलेले खत. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा, घरच्या आरओचे पाणी वापरा, तीन दिवस टाकी झाकून ठेवा आणि तरीही राहिले तर शेवाळनाशक टाका.’ यातल्या बहुतेक गोष्टींत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणून तो इतका टिकला. जसाच्या तसा पाळला तर मात्र टाकीचे नुकसान ठरलेले.

आधी शून्याचे पाहू. दगडांवर बोटभर हिरवे केस लोंबत असतानाही टेस्ट किट अनेकदा फॉस्फेट शून्य दाखवते, कारण किट पाण्यात शिल्लक राहिलेले तेवढेच मोजते. शेवाळाने आधीच गिळलेले त्यात धरलेले नसते. शिवाय प्रवाळखडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो पृष्ठभागावर फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातले प्रमाण उतरले की हळूहळू सोडतो. त्यामुळे फॉस्फेट शोषणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे घालून पाणी कितीही निर्मळ केले, तरी दगडाला चिकटलेल्या शेवाळाला बुडाशी रसद मिळत राहते आणि उपाशी पडतात ती प्रवाळे, कारण त्यांच्या शरीरात राहणाऱ्या एकपेशीय सहजीवी शैवालांनाही तेच नायट्रोजन आणि फॉस्फरस हवे असतात. प्रवाळांचा रंग फिका पडू लागणे ही त्याची पहिली खूण. दोन्ही आकडे दीर्घकाळ शून्यावर राहिले की डायनोफ्लॅजेलेट्स हे एकपेशीय जीव माजण्याचा धोकाही असतो. हवेचे बुडबुडे अडकलेला तो तपकिरी, शेंबडासारखा थर ज्याने एकदा पाहिला, त्याला केसाळ शेवाळ परवडले असे वाटू लागते. त्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या प्रजाती तर विषारी असतात. लिटरमागे नायट्रेट ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम, एवढ्यावर मी थांबतो.

आरओचा सल्ला योग्य आहे, ‘घरच्या’ हा शब्द चुकीचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो चव राखण्यासाठी गाळलेल्या पाण्यात थोडे कच्चे पाणी मुद्दाम मिसळतो. २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडत असेल, तर महिन्याला ९० लिटर भर घालावी लागते. उडते ते निव्वळ पाणी, भरीच्या पाण्यातून आलेले क्षार, नायट्रेट, सिलिकेट मात्र टाकीतच साचत जाते. आरओनंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय (डीआयनायझेशन) रेझिनची नळी लावून मीटरवर टीडीएस शून्य दिसेपर्यंत ते पाणी टाकीसाठी नाही, असे समजावे. शून्याचा आग्रह धरायचाच तर तो इथे धरावा.

तीन दिवसांच्या अंधाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सायनोबॅक्टेरियाचा लाल पापुद्रा त्याने तात्पुरता विरतो, पण ते मुळात शैवाल नव्हे, जीवाणू आहेत. केसाळ शेवाळ तेवढा अंधार सोसते, आणि जे मरते ते टाकीतच कुजून प्राणवायू खाते व पोषकद्रव्ये परत पाण्यात सोडते.

शेवाळनाशकाचा सल्ला मात्र घातक आहे. गोड्या पाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक शेवाळनाशकांत तांबे असते, आणि तांब्याने गोगलगाई, कोळंबी, सी अर्चिन हे नेमके शेवाळ खाणारे प्राणीच आधी मरतात.

मूळ सल्ल्यात ज्यांचा उल्लेखच नाही, ते हेच. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातले डायाडेमा हे लांब काट्यांचे सी अर्चिन एका साथीत ९० टक्क्यांहून अधिक मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते, १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळे मोडली होती. उरलेला चरणाराही गेल्यावर शेवाळाने खडक व्यापले आणि सत्तरच्या दशकाअखेर निम्म्याहून अधिक असलेले प्रवाळांचे आच्छादन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांखाली आले. पोषकद्रव्यांचाही त्यात वाटा होता असे मानणारे अभ्यासक आहेत, परंतु चरणारे गेल्याचा परिणाम कोणी नाकारत नाही.

टाकीतही किती उगवते याइतकेच किती चरले जाते हे पाहावे लागते. मात्र बोटभर वाढलेल्या शेवाळाला टर्बो गोगलगाय सहसा तोंड लावत नाही, तिला कोवळे कोंब लागतात. म्हणून दगड बाहेर काढून, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत टूथब्रशने घासायचा, ते हिरवे पाणी मोरीत ओतायचे आणि मग दगड गोगलगाईंच्या हवाली करायचा. दोन-तीन महिन्यांत दगड स्वच्छ झाले की गोगलगाईंची उपासमार सुरू होते. त्या वेळी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याचा) एक तुकडा रबरबँडने दगडाला बांधून ठेवावा लागतो.