शंकूबाहेर आहोत म्हणून निवांत राहू नका

ऑगस्ट लागला की ह्यूस्टन, टॅम्पा, शार्लटच्या मराठी घरांत आणि तिथून पुण्या-ठाण्याच्या आईवडिलांच्या फोनवर एक मेसेज फिरू लागतो. गोषवारा असा: चक्रीवादळाच्या अंदाजाच्या नकाशावर त्याच्या पुढच्या वाटेभोवती काढलेल्या पांढऱ्या शंकूत तुमचं गाव नसेल तर निवांत झोपा, कॅटेगरी एक म्हणजे नुसता वारा, हवामानवाल्यांचे अंदाज दरवेळी चुकतात, त्यापेक्षा संगणकाच्या या मॉडेलने बारा दिवसांनंतरचं वादळ आत्ताच दाखवलंय ते बघा. यातलं एकही विधान खरं नाही, आणि पहिलं तर जिवावर बेतणारं आहे.

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर, म्हणजे अमेरिकेचं चक्रीवादळांचे अंदाज देणारं सरकारी कार्यालय, शंकू काढतं तो फक्त वादळाच्या केंद्रासाठी. गेल्या पाच वर्षांत १२, २४, ४८ तास आणि त्यापुढचे अंदाज किती मैलांनी चुकले ते मोजायचं, त्यातल्या दोन तृतीयांश चुका मावतील एवढी वर्तुळं अंदाजित मार्गावर ठेवायची आणि ती जोडायची. झाला शंकू. म्हणजे तीनातून साधारण एकदा खुद्द केंद्रच बाहेर जाऊ शकतं. शिवाय वर्तुळांची मापं एका सीझनमध्ये अटलांटिकच्या सगळ्या वादळांना तीच असतात. वादळ आटोपशीर असो की पाचशे मैल पसरलेलं, शंकूला त्याचा पत्ता नसतो. पाऊस कुठवर पडेल, समुद्र किती फूट चढेल, हेही त्यात नसतं.

२०२२च्या इयान वादळात सगळ्यांचं लक्ष टॅम्पाकडे होतं. फ्लोरिडातच फोर्ट मायर्सची ली काउंटी (म्हणजे जिल्हा) शंकूच्या दक्षिण कडेला होती. उधाणाचा इशारा तिथे आधीच दिलेला होता, पण काउंटीने घरं सोडण्याचे आदेश काढले २७ सप्टेंबरच्या सकाळी. २८ तारखेला वादळ कायो कोस्टा बेटावर आलं आणि फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढलं. फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसं गेली. मुंबईकरांना तौक्ते आठवत असेल. मे २०२१ मध्ये त्याचं केंद्र महाराष्ट्राच्या जमिनीवर आलंच नाही, गुजरातला गेलं. तरी बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला आणि मुंबईत झाडं धडाधड कोसळली.

आता कॅटेगरी. एक ते पाच अशी ती वाऱ्याच्या वेगावरून ठरते, बाकी कशावरून नाही. आणि माणसं मारतं ते पाणी: १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी दहातले जवळपास नऊ पाण्याचे होते. २०१८चं फ्लॉरेन्स किनाऱ्यावर आलं तेव्हा कॅटेगरी एकचंच होतं. नॉर्थ कॅरोलिनात एलिझाबेथटाउनला ९०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. २००१चं ॲलिसन तर कधी हरिकेन, म्हणजे कॅटेगरी एकचंही, झालंच नाही, आणि ह्यूस्टन पाण्याखाली गेलं.

‘दरवेळी चुकतात’ या आरोपाची मला खरोखर चीड येते. मिसिसिपीच्या कीसलर तळावरून हवाई दलाची विमानं वादळाच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या शांत भागातून, आरपार जातात, साधारण दहा हजार फुटांवरून, पुन्हा पुन्हा. आतून हातभर लांबीची एक नळी सोडतात. छोट्या पॅराशूटला लटकत ती समुद्रावर पडेपर्यंत दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहते. ती माहिती त्याच दिवशी मॉडेलमध्ये जाते. १९९०च्या सुमारास तीन दिवस पुढच्या मार्गाचा अंदाज सरासरी दोनशेहून अधिक सागरी मैलांनी चुकायचा, आज शंभराच्या आत. २०२४चं हेलीन अजून नीट जन्मलंही नव्हतं, तेव्हा २३ सप्टेंबरला सेंटरने ते फ्लोरिडाच्या बिग बेंड किनाऱ्याकडे जाईल आणि जबर होईल असं जाहीर केलं. २६च्या रात्री ते तिथेच आदळलं. वादळ अचानक किती बळावेल हे सांगणं मात्र अजून अवघड आहे. २०२३मध्ये पॅसिफिकच्या बाजूला ओटिसने मेक्सिकोच्या अकापुल्कोला गाठलं ते कॅटेगरी पाच होऊन, आणि आदल्या दिवशी मॉडेलांना त्याची चाहूलही नव्हती. म्हणून अंदाज सोडायचा नसतो, एक पायरी वरची तयारी ठेवायची असते.

राहिलं बारा दिवसांचं चित्र. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि ३८४ तास पुढचं काढतं. इतक्या लांबच्या एका चित्रातलं वादळ सहा तासांनी निघालेल्या पुढच्या चित्रात गायब असू शकतं. फॉरवर्ड तेवढा राहतो. सेंटर स्वतः सात दिवसांपलीकडे जात नाही. त्याच्या नकाशावरचा पिवळा पट्टा म्हणजे वादळ जन्मायची शक्यता ४० टक्क्यांहून कमी, नारिंगी ४० ते ६०, लाल त्याहून जास्त.

तेव्हा काका-काकूंनो, मुलांना ‘तुम्ही शंकूत आहात का’ एवढंच विचारू नका. ‘तुमचा इव्हॅक्युएशन झोन कोणता’, म्हणजे घर सोडायच्या आदेशासाठी ठरवलेल्या कोणत्या पट्ट्यात तुम्ही येता, हे विचारा. फ्लोरिडात तो काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की कळतो, आणि उत्तर ‘ए’ आलं तर घर सोडायचा आदेश सहसा सगळ्यात आधी त्यांनाच येईल.